लोकरीचं गच्च डोकं

घणसोलीच्या खाडीत बाबांनी उभी हयात मासे (त्यांच्या बोलीत मावरं) धरले आणि मी बेलापूरच्या ऑफिसात खुर्ची धरली. त्यामुळे मासेमारीची अक्कल मला मोबाइलवरून घ्यावी लागली. गळावर पिसं आणि लोकर बांधून खोटा मासा करायचा आणि तो पाण्यात खेळवून जिताड्यासारख्या मोठ्या माशाला फसवायचं, असं एक गोरा साहेब व्हिडिओत शिकवत होता. बारमाही घामाच्या नवी मुंबईत मी मेंढीची लोकर मागवली. बायको म्हणाली, "उरली तर स्वेटर कर."

लोकरीचा झुपका गळाच्या दांडीवर धरायचा, दोऱ्याचे दोन सैल वेढे द्यायचे आणि खेचायचं. लोकर चहूबाजूंनी फुलते. ती अंगठ्याच्या नखाने मागे रेटायची आणि पुढे दुसरा झुपका बांधायचा. जितकं रेटाल तितकं खोट्या माशाचं डोकं गच्च. मी नऊ झुपके कोंबले, बायकोच्या कंगव्याने विंचरले आणि कात्रीने गोल कापले. बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"मावऱ्याला थंडी वाजते का रं?" एवढंच म्हणाले.

माझं डोकं फिरलं. मासेमाराच्या पोटी कारकून निपजला, हे गावात सगळे मला ऐकवतात, बाबाही. त्यांच्या डोळ्यांदेखत एक तरी जिताडा काढायचाच, म्हणून रविवारी भरतीच्या वेळी त्यांना खाडीच्या बांधावर नेऊन बसवलं.

आणि जिताडा खरंच आला! रॉड वाकला, मी ओरडलो आणि दोरी ढिली पडली. बाबांनी गळ हातात घेतला. गळाचा जो बाक माशाच्या जबड्यात रुतायचा, तोच मी लोकरीने बुजवून टाकला होता. वरून, बाजूने छान कापली होती, खालून कापायची राहिली होती. मासा नुसती गादी चावून गेला. बाबांनी गळ माझ्या हातात ठेवला आणि घराकडे चालू लागले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परतताना देवळापाशी त्यांचे जुने जोडीदार बसले होते.

"काय गावला?" एकाने माझ्या रिकाम्या पिशवीकडे बघत विचारलं.

मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "जिताडा आयलता. माजे हातशी सुटला."

सगळे खो खो हसले. म्हातारा झालास, हात गेला तुझा, असं त्यांना तोंडावर म्हणाले. बाबाही त्यांच्यासोबत हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण खरं काय ते सांगायची हिंमत काही झाली नाही.