डावखुरा, म्हातारा आणि ताईचं लग्न

माझ्या थोरल्या बहिणीचं जवळजवळ ठरलेलं लग्न मी एका परदेशी गिटारवाल्यापायी मोडायला निघालो होतो. तो गिटारवाला माझ्या जन्माआधीच वारला होता, त्यामुळे दोष सगळा माझ्यावरच आला.

गोष्ट कॅसेटच्या जमान्यातली. मी तेव्हा आठवड्याचे सहा दिवस गोखिवऱ्याच्या एका प्लॅस्टिक कारखान्यात सुपरवायझर होतो आणि रविवारी जाणकार. जाणकारी चालायची वसई स्टेशनजवळ, नेल्सनच्या कॅसेटच्या दुकानात. नेल्सन लग्नांच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. आमच्यात वाजवता येणारा तो एकटाच, म्हणून तो वादात कधी पडायचा नाही! चर्चमधली मिसा आटपून तो दुकान उघडायचा आणि आम्ही पाच-सहा जण काउंटरला टेकून जगातला सर्वांत थोर गिटारिस्ट ठरवायचो. दोन वर्षं झाली होती, ठरला नव्हता.

पक्ष दोन होते. माझा पक्ष डावखुऱ्याचा. हा रॉकवाला. गिटार उलटी धरून असा तुटून पडायचा की ऐकणाऱ्याने खुर्ची धरून बसावं. दुसरा पक्ष म्हाताऱ्याचा. हा ब्ल्यूजवाला, म्हणजे दुःखाची गाणी वाजवणारा. एकेक सूर ओल्या कपड्यासारखा पिळायचा. (दोघांची खरी नावं लांबलचक होती आणि उच्चारांवरून निराळी भांडणं लागायची, म्हणून ही टोपणनावं.) म्हाताऱ्याच्या पक्षाचा पुढारी एक चष्मेवाला होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. शत्रूच्या चौकश्या कोण करतो?

एका रविवारी चष्मेवाला म्हणाला, "तुमच्या डावखुऱ्याने नुसता धूर केला. मागे काय उरलं?"

मी म्हणालो, "तुझ्या कानात अर्नाळ्याची वाळू भरलीय."

त्याने माझ्या डोक्यात काय भरलंय ते सांगितलं. ते इथे लिहीत नाही. नेल्सनने आम्हा दोघांना बाहेर काढलं. "गिऱ्हाईक घाबरतंय रे," तो म्हणाला. गिऱ्हाईक म्हणजे एक वयस्कर सिस्टर होत्या, नाताळच्या गाण्यांची कॅसेट घ्यायला आलेल्या.

पुढच्या रविवारी मी दुकानात गेलो नाही, कारण ताईला पाहायला विरारची मंडळी यायची होती. पाहायला म्हणजे काय, मुलगा आणि ताई आत्याच्या घरी दोनदा भेटले होते, आणि तेव्हापासून ताई घरात विनाकारण हसत होती. आता फक्त मोठ्यांची बोलणी बाकी. तरी आईच्या जिवात जीव नव्हता. आमची ताई डावखुरी. आधीच्या एका स्थळाने 'मुलगी डाव्या हाताने वाढते' म्हणून चक्क नकार कळवला होता. त्या दिवसापासून आमच्या घरात 'डावा' हा शब्द कुणी उच्चारत नसे. रिक्षावाल्यालासुद्धा आमचे वडील, अण्णा, 'त्या बाजूला घे' म्हणायचे.

"तू खुर्च्या लाव आणि गप्प बस," अण्णांनी मला बजावलं. "एवढं जमेल ना?"

बेल वाजली. मी दार उघडलं. पुढे मुलाचे वडील अप्पा, मागे आई, आणि त्यांच्या मागे, इस्त्रीच्या शर्टात, चष्मेवाला!

"तुम्ही ओळखता का एकमेकांना?" आमचे चेहरे पाहून आत्याने विचारलं.

"नाही!" आम्ही दोघं एकदम म्हणालो. दोन वर्षांत आमचं प्रथमच एकमत झालं होतं. त्याचं नाव मिलिंद आहे, हेही मला तेव्हाच कळलं.

सुरुवात छान झाली. अप्पांनी सुकेळी हातात घेऊन वसईच्या वाळवलेल्या केळ्यांची तारीफ केली. अण्णा इतके खूश झाले की म्हणाले, "तुम्ही दोघं तरुण मंडळी गॅलरीत बसा. आम्हा म्हाताऱ्यांत कंटाळाल."

गॅलरी आणि हॉल यांच्यामध्ये एक खिडकी होती. खिडकी उघडी होती. हे मला माहीत होतं. सत्तावीस वर्षं मी त्याच घरात राहत होतो.

आधी ताईने आणून दिलेला चहा पीत आम्ही पाच मिनिटं समोरच्या इमारतीचे पाइप पाहिले. मग मिलिंद हळूच म्हणाला, "त्या दिवशी मी जरा जास्त बोललो. सॉरी."

"मीसुद्धा," मी म्हणालो. इथेच थांबायला हवं होतं! पण मी पुढे म्हणालो, "म्हणजे डावखुरा मोठा, हे तुला पटलं."

"पटलं कुठे? सॉरी बोलण्याबद्दल. मताबद्दल नाही."

आणि आवाज चढत गेले. आत काय झालं ते मला नंतर ताईने सांगितलं. ताई चहाचे कप देत होती, अर्थात डाव्या हाताने. तेवढ्यात खिडकीतून मिलिंदचा आवाज आला, "डावखुऱ्याला तुम्ही लोकांनी उगाच डोक्यावर चढवून ठेवलंय! नुसती आदळआपट! रोज घरात कोण सहन करेल?"

आईच्या हातातली बशी वाजली. (व्याकरणाने पाहिलं तर डावखुरा पुल्लिंगी होता. पण जखमेवर बोट पडलं की व्याकरण कुणाला सुचतं?)

कुणी काही बोलायच्या आत माझा आवाज आला, "आणि तुझा म्हातारा? आयुष्यभर एकच रडगाणं! तेही दारू पिऊन! तीन सुरांपलीकडे अक्कल नाही!"

अप्पांनी सुकेळी परत ताटलीत ठेवली.

आम्ही वळून पाहिलं तर गॅलरीच्या दारात दोन वडील उभे होते.

"आमची मुलगी डावखुरी आहे, हे आम्ही पहिल्या दिवशीच सांगितलं होतं," अण्णा म्हणाले.

"आणि मी दारू प्यायलेली कोणी पाहिलीय?" अप्पा गरजले.

"एकदा," आतून मिलिंदची आई हळूच म्हणाली. "पुतण्याच्या हळदीला."

"अण्णा, डावखुरा म्हणजे ताई नव्हे!" मी ओरडलो. "तो गिटार वाजवतो! दातांनी!"

खोटं नव्हतं ते, पण त्या क्षणी ते सांगायची गरज नव्हती. अप्पांनी चपला कुठे आहेत ते पाहिलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. आई पदराने डोळे टिपू लागली. आत्या म्हणाली, "दातांनी वाजवणाऱ्यासाठी पोरीचं मोडलंस रे!" मी ताईकडे पाहिलं. कपांचा ट्रे धरून ती नुसती उभी होती, आणि तो तिने उजव्या हाताने धरला होता.

मग तिने ट्रे टेबलावर ठेवला. मिलिंदकडे पाहून विचारलं, "माझ्याबद्दल बोलत होतात?"

"नाही हो! शपथ!" मिलिंदचा चष्मा घसरला. "तुम्ही कुठल्याही हाताने... म्हणजे... मला चहा सुंदर लागला."

"मग ते दोघं कोण आहेत ते ऐकवा सगळ्यांना," ताई म्हणाली. "नंदू, कॅसेटी आण."

भजनांसाठी घेतलेल्या टेपरेकॉर्डरवर मी आधी डावखुरा लावला. अर्ध्या मिनिटात खालच्या मजल्यावरून काकू विचारायला आल्या, मिक्सर बिघडला का. अप्पांनी हात वर केला. "बस. दुसरा."

म्हातारा सुरू झाला. सावकाश, एकेक सूर. अप्पा मान खाली घालून ऐकत राहिले.

"याचं काय दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"बायको सोडून गेलीय त्याची," मिलिंद म्हणाला.

"हं. मग बरोबर आहे." अप्पांचा पाय ठेका धरू लागला. कॅसेटची अख्खी बाजू संपेपर्यंत कुणी उठलं नाही. मग त्यांनी ती सुकेळी पुन्हा उचलली आणि मला विचारलं, "या म्हाताऱ्याला अक्कल नाही म्हणालास?"

आई, अण्णा, आत्या, सगळे माझ्याकडे पाहत होते. एका बाजूला बहिणीचा संसार, दुसऱ्या बाजूला दोन वर्षांचं तत्त्व. निर्णय घ्यायला एक क्षण लागला, असं मी सगळ्यांना सांगतो. ताईच्या मते चांगलं पाऊण मिनिट लागलं.

"बरा वाजवतो," मी म्हणालो.

"बरा?" मिलिंद म्हणाला. (नालायक!)

"मोठा आहे," मी म्हणालो. "फार मोठा."

लग्न थाटात झालं. काही वर्षांनी सीडी आल्या, मिलिंदने मोठे स्पीकर घेतले आणि मला जेवायला बोलावलं. एक सीडी लावून तो गप्प बसला. मी डोळे मिटले, मान डोलावली आणि चांगली दहा मिनिटं त्याला समजावत राहिलो, की बघ, हा आवेश, ही झेप! हे डावखुऱ्याशिवाय कुणाला जमणारच नाही. मिलिंद हसला नाही. त्याने शांतपणे कव्हर माझ्या हातात दिलं. वर म्हाताऱ्याचा तरुणपणीचा फोटो होता, खाली त्याचंच नाव.

मी कव्हर उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणालो, "छपाई चुकलीय."