विहिरीच्या पाळीचं फुकट अ‍ॅप

फुकट मिळालेल्या वस्तूवर माझा विश्वास नाही. (लग्नात मिळालेला टॉवेलसुद्धा मी उजेडात धरून बघतो, मगच खांद्यावर टाकतो.) त्यामुळं आमच्या सुनेनं, वर्षानं, विहिरीच्या पाळीचं अ‍ॅप कॉम्प्युटरच्या कुठल्याशा फुकट भाषेत लिहिलंय म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली.

विहीर माझी आणि चुलतभाऊ अण्णांची सामाईक. दोन दिवस त्यांची मोटार, दोन दिवस माझी. मधे वीज गेली की तेवढे तास पुढं ढकलायचे. किती ढकलायचे यावरून दोन वर्षं आम्ही एकमेकांच्या दारात पाय ठेवला नव्हता! अ‍ॅप आलं, भांडण मिटलं, अण्णांकडून दिवाळीचा फराळसुद्धा आला. आता अ‍ॅप बिघडलं तर भाऊकी पुन्हा फाटणार, याची मला धास्ती.

"ज्यानं ही भाषा काढली त्यो पैसं घेत न्हाई?" मी वर्षाला विचारलं.

"न्हाई, तात्या. ओपन सोर्स हाय. एकदा लिहिलं की तुमच्या साध्या फोनवर चालतं, अण्णांच्या सफरचंदवाल्या फोनवरबी चालतं."

"मग त्याचं पोट कशावर चालतं?"

"अहो, कुनीबी वाचावं, कुनीबी सुधरावं, अशी पद्धत हाय. मी माझं अ‍ॅपबी तसंच उघडं ठिवलंय."

"कुनीबी? म्हंजी अण्णाबी?"

"व्हय, अण्णाबी!"

अण्णांना टीव्हीचा रिमोट जमत नाही, हे खरं. पण त्यांचा जावई पुण्यात कॉम्प्युटरवर असतो. (सफरचंदवाला फोन त्यानंच दिलेला. उगाच देतं का कुणी?)

मी गुपचूप अ‍ॅपची परीक्षा घ्यायचं ठरवलं. फोनची तारीख दोन दिवस पुढं केली. अ‍ॅपनं इमानदारीत दाखवलं, 'आज पाळी: तात्या'. पास! तेवढ्यात हिनं चहाला हाक मारली आणि तारीख मागं घ्यायची राहूनच गेली.

सकाळी फोन बघितला. आज पाळी माझी! विहिरीवर गेलो, तर अण्णांची मोटार धो धो चालू.

"घावला!" मी ओरडलो. त्यांची मोटार बंद केली, माझी चालू केली आणि सगळ्या वस्तीला हाका मारल्या.

अण्णा धोतर सावरत, फोन दाखवत आले. "आरं, पाळी माजी हाय! माज्या कांद्याचं पानी का तोडलं?"

"ह्यो बघा माजा फोन! आन् ह्यो अण्णांचा! दोन फोन, दोन पाळ्या! जावयाकडनं अ‍ॅप बदलून घेतलंय यांनी!"

अण्णांचा चेहरा लाल झाला. "फराळ खाऊन वर चोर म्हन्तोस व्हय रं? आजपास्नं तुजा-माजा संबंध तुटला!"

वर्षानं घरातून लॅपटॉप आणून सगळ्यांपुढं उघडला. कुणी, कधी, काय बदललं, सगळं नावानिशी नोंदलेलं. तिथं एकट्या वर्षाचं नाव. मग तिनं माझा फोन हातात घेतला.

"तात्या, आज वार कंचा?"

"सोमवार."

"तुमच्या फोनात बुधवार कसा काय हाय?"

मग अण्णाच आधी हसले, ते खाली बसेपर्यंत हसले! "लेका, माजं पानी चोरायला दोन दिस पुढं गेलास व्हय!" मी त्यांचे पाय धरले, माझा एक दिवस त्यांच्या कांद्याला दिला, तेव्हा कुठं चहा झाला.

त्याच दुपारी वर्षानं अ‍ॅप सुधारलं. वेळ आता फोनवरून नाही, इंटरनेटवरून घेतं. जगभर कुणालाही वाचता येईल अशी इंग्रजीत कारणाची नोंदही तिनं केली: 'आमचे तात्या संशयापोटी फोनची तारीख बदलतात.' खाली ब्राझीलमधल्या कुणीतरी लिहिलंय, 'फार उपयोगी. माझ्या वडिलांसाठी घेतो.'

म्हणजे माझा मूर्खपणा आता दोन देशांत वापरात आहे. आणि तोही फुकट!