आबांना वाचून दाखवलेला मुलगा

"तिन्हा भाऊले जहाजवर काम लागनं म्हणे."

पिठाच्या गिरणीच्या आवाजातही मला ते ऐकू आलं. दादर जातीच्या ज्वारीचा डबा पायाशी ठेवून मी भिंतीला टेकून उभी होते. आमच्या गल्लीतल्या दोघीजणी माझ्याकडे पाठ करून बोलत होत्या.

"सुरतमा कोठलं जहाज वं?"

"समुद्र शे ना तठे. पन पयले त्यानी देऊळनी घंटा चोरी. मी सोता आयकं. ती बापले सांगी ऱ्हायंती."

"आय वं माय! घंटा लई जाईसन काय करं त्यानी?"

"पीठना डबामा लपाडी."

डब्याचं नाव निघालं तशी एकीने सहज वळून पाहिलं, आणि तिला मी दिसले. माझ्या हाताखाली डबाच होता.

"काय वं बाई," ती गडबडीने म्हणाली, "भाऊ बरा शे ना तुन्हा?"

"हो मावशी, बरा आहे."

घंटा चोरणारा मुलगा पुस्तकातला आहे, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण दिवसभर शाळेत बोलून झालं की मला पुढचं वाक्य सुचत नाही. मी पीठ घेतलं आणि निघाले. एप्रिलचं ऊन संध्याकाळीही उतरत नव्हतं. डबा हाताला गरम लागत होता.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मागच्या वर्षी लकवा झाला. उजवा हात गेला, बोलणं हळू झालं, नजरही अधू झाली. ते साखर कारखान्यात गेटवर कामाला होते. घरात आवाज असला तरच त्यांना बरं वाटतं. टीव्हीला मात्र ते कंटाळले. मग एक दिवस मी माझ्या कपाटातलं शाळेत बक्षीस मिळालेलं जाड इंग्रजी पुस्तक काढलं, आणि रोज संध्याकाळी ओट्यावर त्यांच्या खाटेशी बसून ते त्यांना मराठीत सांगायला लागले. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने. गल्लीला त्यातले तुकडे तेवढे ऐकू जात असणार.

जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत असा एक मुलगा असतोच. उनाड, अनाथ, काकाकडे वाढलेला. तो चर्चच्या घंटेचा लोलक काढून काकाच्या पिठात लपवतो, म्हणजे सकाळी घंटा वाजणार नाही आणि कोणालाच उठावं लागणार नाही. मग मार चुकवायला पळतो, जहाजावर चढतो, वादळं बघतो, तापाने मरणारा मित्र बघतो, आणि शेवटी शहाणा होऊन घरी येतो. आठवीत आम्हाला यावर प्रश्न होता: खोडकर मुलगा साहसांतून कसा प्रगल्भ होतो? मी मुद्दे काढून उत्तर लिहिलं होतं. जबाबदारी, धैर्य, पश्चात्ताप, असंच काहीतरी. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. आता मी शहाद्यात त्याच इयत्तेला तसाच प्रश्न शिकवते. मुलं तेच मुद्दे लिहितात आणि मी त्यावर बरोबरच्या खुणा करते.

पिठातल्या लोलकाला आबा हसले होते. तोंडाची एकच बाजू हसली, पण डोळ्यांतून पाणी आलं. "बरं करं पोऱ्यानी," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येऊन चप्पल काढत होते तोच त्यांनी विचारलं, "आज काय करं त्यानी?" जणू तो गल्लीतच राहतो. पुढे मी पोळ्या लाटत असले तरी ते खाटेवरून विचारायचे, "भेटना का तो काकाले?" आबांनी पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे तापी. वादळात जहाज हेलकावे खाऊ लागलं तेव्हा त्यांनी डाव्या हाताने खाटेची कड धरली होती.

ते कोणाबद्दल ऐकताहेत, हे मला कळत होतं. त्यांना ते कळत होतं का, ते मी कधी विचारलं नाही.

दादाही असाच होता. कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉलीवर लपून बसायचा आणि थेट आबांच्या गेटवर जाऊन उतरायचा. आबा तिथे चार लोकांसमोर ओरडायचे, आणि घरी येऊन आईला तीच गोष्ट रंगवून सांगायचे. आई होती तेव्हा. तो मोठा झाल्यावर आबांनी साहेबांच्या हातापाया पडून त्याला कारखान्यात लावलं. काही महिन्यांत एका सकाळी तो कोणाला न सांगता सुरतेला निघून गेला. साहेबांसमोर आबांची मान खाली गेली. फोनवर ते एवढंच म्हणाले, "आते या घरमा पाय ठेवू नको."

त्याने ठेवला नाही. आबा दवाखान्यात होते तेव्हा आला होता, ते झोपेत असताना. जागे व्हायच्या आत गेला. तो आल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. आमच्या घरात त्याचं नाव निघत नाही. ते कसं थांबलं, कोणी ठरवलं, मला आठवत नाही.

दादा दर रविवारी मला फोन करतो. साड्यांच्या मार्केटमध्ये पार्सलं बांधायचं काम करतो. पूर्वी शेठच्या नकला करून दाखवायचा. आता विचारतो, जेवलीस का, आबा जेवले का. मी विचारलं की म्हणतो, भूक नव्हती. अक्षय्य तृतीया, आमच्याकडची आखाजी, जवळ आली आहे. या रविवारी म्हणाला, "आखाजीला येऊ का? तू एकदा आबांना विचार. शेठला आधी सांगावं लागतं."

"विचारते," मी म्हटलं.

हे मी दिवाळीतही म्हटलं होतं. तेव्हा विचारलं नाही, आणि त्यानेही पुन्हा विषय काढला नाही. या वेळी पुन्हा गप्प राहिले तर तो परत विचारणार नाही, असं मला त्याच्या आवाजावरून वाटलं.

गिरणीवरून आले, भाकरी टाकल्या, आबांना भरवलं. मग पुस्तक घेऊन ओट्यावर बसले. शेवटचं प्रकरण राहिलं होतं. बरेच दिवस मी ते पुढे ढकलत होते. कधी डोकं दुखतं म्हणून, कधी पेपर तपासायचे म्हणून.

"वाच," आबा म्हणाले.

मी सांगायला लागले. मुलगा घरी येतो. काका फाटकात उभा असतो. मुलगा टोपी काढतो, हळू आवाजात बोलतो. सकाळी घंटा वाजते आणि तो पहिल्या ठोक्याला उठून बसतो. गाव म्हणतं, साहसांनी याला माणूस केलं. तिथे तोच शब्द आला, आठवीतला. प्रगल्भ म्हणून आबांना काय कळणार? मी म्हटलं, "शहाणा झाला तो, आबा."

आबांनी मान माझ्याकडे वळवली.

"मस्ती करत नही?"

"नाही."

"हसत बी नही?"

मी पान पुन्हा पाहिलं. "नाही."

"मंग शहाना नही व्हयना," ते एकेक शब्द जुळवत म्हणाले. "थकी गया तो."

शाळेत बक्षीस मिळाल्यापासून मी ते पान कितीदा वाचलं असेल. मला ते दिसलं नव्हतं. मलाही सगळे लहानपणापासून शहाणीच म्हणतात.

"त्याले जेवाले दिधं का कोनी?" आबांनी विचारलं.

मी शोधलं. काकाने हात मिळवला होता, देवाचे आभार मानले होते. जेवणाचं कुठेच काही नव्हतं.

"पुस्तकात लिहिलेलं नाही, आबा."

"मंग कसाना काका तो?" ते चिडून म्हणाले. डावा हात खाटेवर आपटला. "इतला दूरथून पोऱ्या उना..."

पुढचे शब्द त्यांना जुळले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले. मी पुस्तक मिटलं. लहानपणी मी घरात अहिराणी बोलले की आबाच अडवायचे. म्हणायचे, "इंग्रजी शाळामा जास, शुद्ध बोल." म्हणून अहिराणी मला कळते, पण तोंडातून निघत नाही. पलीकडच्या ओट्यावर गिरणीतली मावशी लसूण सोलत होती, आणि तिचे हात थांबले होते. ऐकू दे, असं वाटलं.

"दादा बी थकी गया, आबा," मी म्हटलं. "आखाजीले त्याले घर बलावू का?"