हद्दीच्या दगडाजवळची वीतभर जागा

काळजी करण्यात आमच्या आतोबांचा हात धरील असा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. स्वतःची काळजी सगळेच करतात. आतोबांना गावाची लागे. देवळात समाराधना असली की शेवटच्या पंगतीला भात पुरेल का, म्हणून ते चुलीपाशी येरझारा घालत आणि बहुधा उपाशीच घरी येत. विहिरीवर कुणी रहाट जरा जोरात ओढला तरी यांच्या छातीत धडधड सुरू. "अहो, दोर तुटला तर सगळ्यांचीच पंचाईत!" आत्या म्हणे, "गाव घोरतंय नि यांचा डोळ्याला डोळा नाही!"

पण त्यांच्या काळजीचं माहेरघर म्हणजे खाडीवरचा बांध. खाडी आणि गावाची भातशेती यांच्यामध्ये मातीचा तो एकच बांध होता. ज्याचं शेत मागे, त्यानं समोरचा बांध पावसाआधी चिखलानं लिंपायचा, अशी वहिवाट होती, आणि दोन वाट्यांच्या हद्दीवर एकेक दगड पुरलेला असे. जो तो आपला वाटा लिंपी, पण दगडाच्या अलीकडे वीतभर थांबे. पलीकडचाही तस्साच थांबे. आपल्या घामाची एक पाटी शेजाऱ्याच्या वाट्यात पडली तर काय घ्या! मधल्या त्या जागेत कुर्ल्या-खेकडे खुशाल बिळं करीत. खारं पाणी कुठूनही शिरलं तरी बुडणार सगळ्यांचंच भात, आणि मीठ धुऊन निघेतो पुढचे दोन-तीन पावसाळेही गेले, हे आतोबा दारोदार सांगत फिरत. लोक ऐकून घेत, सुपारी पुढे करीत आणि जागचे हलत नसत. मग आतोबाच चिखल नि पेंढा घेऊन बिळं बुजवीत. हळूहळू ते कामच मुळी आतोबांचं, अशी गावाची समजूत झाली.

एका आषाढात बिळं बुजवतानाच त्यांचा पाय मुरगळला आणि हा एवढा सुजला. मी मुंबईहून रजेवर आलो होतो. अमावास्या होती, भर दुपारी मोठी भरती यायची होती. ओटीवर पडल्या पडल्या आतोबा सारखे विचारत होते, "पाणी कुठवर चढलंय रे?" त्यांचं समाधान करायला म्हणून मी बांधावर गेलो. तात्या आणि गोविंदा या दोन शेजाऱ्यांच्या हद्दीच्या दगडाशी मनगटाएवढी धार आत येत होती, आणि बांधावर चिटपाखरू नव्हतं. मी धावत तात्यांकडे गेलो. "ती जागा गोविंदाची," तात्या पाटावरून म्हणाले. गोविंदा म्हणाला, "छे हो, तात्यांची ती. त्यांस सांगा."

मी घरी येऊन हे आतोबांना सांगितलं. ते काठी टेकत अंगणात आले, आणि ज्या माणसाला खोटं बोलताना घाम फुटायचा तो घसा फोडून ओरडला, "धावा रे धावा! तात्या-गोविंदाच्या हद्दीचा दगड कुणीतरी सरकवलान!"

काय सांगू! तात्या उष्ट्या हातानं धावले. गोविंदा कुदळ घेऊन, बाकीचे आपापले दगड जागेवर आहेत ना ते बघायला फावडी घेऊन. दगड होता तिथंच होता, पण आपण निघालो तर मागे दुसरा सरकवील, म्हणून कुणी हलेना. तोवर धारेचा ओहोळ होऊन त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्याच शेतात शिरू लागला. शेवटी तात्यांनी शिव्या हासडत पहिलं ढेकूळ टाकलं, दुसरं गोविंदानं, आणि मग सगळ्यांची फावडी चालली. भरती ओसरली तेव्हा बांध शाबूत होता आणि भांडणही.

संध्याकाळी आत्या आतोबांच्या पायाला आंबेहळद लावत होती. "वाचलं ना भात? आता तरी स्वस्थ निजा."

"वाचलं गो," आतोबा म्हणाले. "पण इतकी वर्षं खरं सांगत होतो, तेव्हा एक माणूस आला नाही. आता पुढच्या अमावास्येला काय सांगू?"

त्यांच्या काळजीला आम्ही सगळेच हसत आलो होतो. त्या संध्याकाळी मला हसू आलं नाही, फार वाईट वाटलं.

आतोबा जाऊनही आता काही वर्षं झाली. मी मुंबईला कचेरीत असतो. आषाढातल्या अमावास्येला, दुपारच्या सुट्टीत, माझा जीव हटकून खालीवर होतो. आज बांधावर कोण असेल? मग वाटतं, गावात एवढी माणसं आहेत, गेलं असेल कुणीतरी. आणि मी जेवणाचा डबा उघडतो.