थांबायची ओळ

झरीच्या शाळेत मी आठवीच्या मुलींना रोबो शिकवत होते. अख्ख्या वर्गात मिळून एकच गाडी, तीही सेलवर चालणारी, आणि दुसऱ्या दिवशी परभणीला विज्ञान प्रदर्शन. गाडी टेबलाच्या कडेपाशी आपणहून थांबली पाहिजे, एवढंच काम. आठवडाभर घसा फोडून सांगितलं होतं, चालू कधी व्हायचं ते लिहा आणि बंद कधी व्हायचं तेही लिहा.

मुलींनी लिहिलेला प्रोग्रॅम मी घाईत न वाचताच गाडीत टाकला आणि बटण दाबलं. गाडी सरळ निघाली, कड ओलांडून धाडकन फरशीवर पडली. पुढचा सेन्सर तुटला. तसला दुसरा परभणीतही मिळत नव्हता. मग प्रोग्रॅम पाहिला, तर थांबायची ओळच नाही.

"बंद करायचं कुणीच कसं लिहिलं नाही?" मी किंचाळलेच.

प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी उभी राहिली. "मॅडम, आमच्या शेतातली मोटर कुणीच बंद करत न्हाई. ऑटोवर हाय. लाईट आली की चालू होती, गेली की बंद."

वर्गातल्या सगळ्या माना हलल्या. आता चिडायचं तरी कुणावर? उताणी पडलेली गाडी घर्रघर्र चाकं फिरवत होती आणि आम्ही सगळ्या नुसत्या बघत उभ्या होतो. बटण दाबायला कुणी वाकलं नाही. मीसुद्धा नाही. सेलवर चालणाऱ्या गाडीची लाईट जायची मीही वाट बघत होते.