दाजींनी वाळीत टाकलेली कंपनी

आक्काचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होतो. "राजू, तुझे दाजी गेले," एवढंच ती म्हणाली. दाजी म्हणजे तिचे यजमान. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "कुणाशी भांडण झालं?" आक्काला राग आला नाही. "न्हाई रे. ओट्यावर चहा पिता पिता मान टाकली," ती म्हणाली. जो माणूस जन्मभर तोंडाआधी हाताने बोलला, त्याने असं गुपचूप जावं हे मला पटलंच नाही... अजूनही पटत नाही.

तरुणपणी दाजी अकोले-राजूर रस्त्यावर वडापची जीप चालवायचे. आत कोंबलेली माणसं, मागे लटकलेली माणसं, आणि दाजींचा वेग. एका उतारावर ती जीप कठडा फोडून ओढ्यात गेली. बाकीचे हातपाय मोडून वाचले, पण मागे लटकलेला त्यांचा धाकटा भाऊ संजय खाली सापडला. दाजींनी पहार घालून पत्रा उचकटला आणि भावाला स्वतःच्या हाताने बाहेर काढलं. छातीच्या वर ओळखू येण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेजारच्या सीटवर आक्का होती, तिने ते सगळं पाहिलं. तेव्हापासून दाजींचं म्हणणं एकच होतं, ब्रेक लागलाच नाही, कंपनीनं माझा भाऊ मारला. जीप बनवणारी ती कंपनी आमच्या घराण्यातून कायमची वाळीत पडली. एका लग्नात नवरदेवासाठी नेमकी तिचीच गाडी सजवून आणली होती. दाजींनी फुलांच्या माळांसकट दोन्ही आरसे उपटले आणि नवरदेवाचा मामा आडवा आला तर त्याचा दात पाडला. वरात बैलगाडीतून निघाली. त्या कंपनीचं नाव मी इथेही लिहीत नाही. दाजींसमोर ते घ्यायची सोय नव्हती, तीच सवय राहिली आहे.

पुढे माझ्या कमरेचा मणका सरकला, मोटारसायकल सुटली आणि मास्तरच्या पगारात बसेल अशी जुनी गाडी शोधायची वेळ आली. आपल्याकडे जुनी गाडी घेणारा माणूस गाडी नंतर बघतो, आधी कंपनीची चौकशी करतो, सोयरिकीला घराण्याची करतात तशी. मीही केली. संगमनेरचे गॅरेजवाले, लग्नाची भाडी मारणारे ड्रायव्हर, शिर्डीला रोज फेऱ्या करणारे टॅक्सीवाले, जो तो त्याच वाळीत टाकलेल्या कंपनीचं नाव घ्यायचा. पार्ट खेड्यातही मिळतो, इंजिन दमत नाही, विकायला काढली तर गिऱ्हाईक दारात येतं. सगळा जिल्हा एकीकडे आणि दाजी एकीकडे. पण ज्याने आपला भाऊ पत्र्याखालून ओढून काढला, त्याच्याशी हुज्जत कोण घालणार? आमच्यात तरी कुणाची छाती नव्हती.

नगरला जुन्या गाड्यांच्या बाजारात दाजी माझ्याबरोबर आले, कारण पारख त्यांनाच कळते असं त्यांचं मत होतं. तिथला एजंट बोलका. मी नको नको म्हणत असताना त्याने त्याच कंपनीच्या पांढऱ्या गाडीचं दार उघडलं आणि दाजींना म्हणाला, "बसून तर बघा काका. हिचा ब्रेक कधी धोका देत न्हाई. धोका देतो तो डायवर."

दाजींनी त्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो दोन गाड्यांच्या मधल्या फटीत जाऊन पडला. मग त्यांनी डिकीतला जॅकचा दांडा ओढला. आधी पुढची काच गेली, मग दिवे, मग बॉनेट. काचा हातात घुसल्या होत्या, रक्त कोपरापर्यंत आलं होतं, तरी दांडा थांबेना. मी मागून मिठी मारली तर त्यांचं कोपर माझ्या नाकावर बसलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. अंधारी सरली तेव्हा दाजी एजंटच्या छातीवर बसून त्याची गचांडी आवळत होते. "म्हन, ब्रेक लागला न्हाई म्हन," ते सारखं म्हणत होते. त्यांना बाकी काही नको होतं. कुणीतरी परक्या माणसाने ते एक वाक्य बोलावं, एवढंच हवं होतं. फुटक्या ओठांनी तो शेवटी म्हणाला, "न्हाई लागला, काका." दाजींचे हात सुटले. मग ते तिथेच काचांमध्ये बसून हमसून हमसून रडले. नाकातून रक्त गळत असतानाही मला त्या माणसाची इतकी दया कधी आली नव्हती.

अर्थात मी दुसऱ्याच कंपनीची गाडी घेतली, दाजींना पसंत पडलेली. तिच्याबद्दल त्यांच्याखेरीज कुणीही चांगलं बोललं नव्हतं, आणि का ते मला महिनाभरात कळलं. ती घाटात बंद पडायची, बाजारात बंद पडायची, एकदा तर मयतीच्या गर्दीत बंद पडली. दाजी खाली उतरून ढकलायचे, मदतीला न आलेल्यांना शिव्या घालायचे आणि घामाघूम होऊन मला सांगायचे, "बंद पडती, पन कुनाला मारीत न्हाई." दाजी गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून परतताना तिचं इंजिन कायमचं बसलं. या खेपेला मी सगळ्या जिल्ह्याचं ऐकलं.

त्या कंपनीची गाडी आक्काच्या दारात न्यायला मी भीत होतो. ती बाहेर आली, बॉनेटवरची अक्षरं तिने वाचली आणि पुढच्या सीटवर बसली. "राजूरला चल. सासूबाईंना भेटायचंय," म्हणाली. तो उतार आला तसा मी ब्रेक दाबला. गाडी लगेच शहाण्यासारखी मंदावली.

"आमच्या जीपचा बी असाच लागायचा," आक्का म्हणाली.

"मग त्या दिवशी?"

"मागं वळून संजूसंगं हसत हुते. दाबलाच न्हाई."

मी गाडी कडेला घेतली. इतकी वर्षं, इतके मोडलेले आरसे आणि पडलेले दात, तो फुटक्या ओठांचा एजंट... "आक्का, तू एकदाही का बोलली नाहीस?"

ती ओढ्याकडे बघत होती. "बोलले आसते," ती म्हणाली, "तर त्यांनी तो दांडा स्वतःच्या डोक्यात घातला आसता."