जरा घाबरवणारी दाखवा

दुकान बंद करून आता बरीच वर्षं झाली, तरी चार ओळखीची माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "सावंत, तो नळाचा किस्सा सांगा." आणि मी सांगतो. खरं तर मला स्वतःला त्या किश्श्यांचा कंटाळा आलाय. किस्से हे स्वयंपाकघरातल्या रिकाम्या डब्यांसारखे असतात. कामाचे नसतात, पण टाकवत नाहीत, म्हणून साठत जातात.

भाईंदर पश्चिमेला, मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी व्हिडिओ लायब्ररी होती. अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास फोर्टातली पर्मनंट नोकरी सोडून मी ती काढली. माझ्या बाबांनी पस्तीस वर्षं एकाच ऑफिसात, जवळजवळ एकाच टेबलावर काढलेली. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता ते म्हणाले, "तुझ्या दुकानात मी पाऊल ठेवणार नाही." नाहीच ठेवलं! आम्ही एका घरात राहायचो, आमटीत मीठ कमी आहे की जास्त यावर बोलायचो, पण दुकानाचा विषय निघाला की ते पेपर उघडून बसायचे.

पुढे केबल आली. नवे पिक्चर लोकांना घरबसल्या दिसायला लागले आणि माझी गिऱ्हाईकं निम्म्यावर आली. केबलवाला भुताचे पिक्चर मात्र लावत नसे, कारण एखादा लावला की सोसायट्यांमधल्या बायका त्याच्या ऑफिसात जाऊन भांडायच्या. त्यामुळे भुताखेतांची एक फळी तेवढी माझ्याकडे उरली. दुकान टिकलं तर त्या फळीवर टिकणार होतं. नाहीतर बाबांचं म्हणणं खरं ठरणार होतं, आणि ते मला कोणत्याही भुतापेक्षा जड गेलं असतं.

येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, "जरा घाबरवणारी दाखवा." आता माणूस नक्की कशाने घाबरतो, हे मला कुठे ठाऊक होतं! अकरा वर्षं काउंटरवर बसून शोधत होतो.

* * *

नवीन कॅसेट आली की आधी माझी बायको सुनंदा ती बघायची. दुपारी तांदूळ निवडता निवडता. ती किती घाबरली ते विचारायचं आणि त्याप्रमाणे गिऱ्हाइकाला सांगायचं, अशी माझी साधी पद्धत. अडचण एवढीच, की ती घाबरायचीच नाही.

एकदा एक इंग्रजी पिक्चर आला. नायिका गॅसवर दूध ठेवते, तळघरात काहीतरी वाजतं म्हणून खाली जाते, आणि मग पुढचा दीड तास भूत माणसं मारत सुटतं. मी सुनंदाला विचारलं, कसा आहे?

"भयंकर आहे. तिने गॅस बंदच केला नाही."

मी म्हटलं, अगं, आणि ते भूत? भुताचं तिला काही आठवत नव्हतं. तिचं सगळं लक्ष वर स्वयंपाकघरात.

हे मी सहज एका गिऱ्हाइकाला सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी कॅसेट परत घेऊन आला, चेहरा पडलेला. म्हणाला, "वहिनींचं सांगितलं नसतंत तर बरं झालं असतं, सावंत. अख्खा पिक्चर दूध जळत होतं."

* * *

आता तो नळाचा.

आमच्या सोसायटीत रविवारी दुपारी वर्गणी काढून व्हीसीआर आणायचे. तेव्हा भाईंदरात पाण्याची काय तऱ्हा होती ते जुन्या माणसांना सांगायला नको. दिवसाआड पाऊण तास पाणी यायचं आणि तेवढ्यात पिंप, हंडे, बादल्या, सगळं भरून घ्यायचं. पाहुणा हात धुवायला उठला की घरातलं माणूस तांब्या घेऊन त्याच्या मागे.

मी मुद्दाम माझ्या फळीवरची सगळ्यात भारी कॅसेट नेली होती. तीस-चाळीस माणसं दाटीवाटीने बसलेली. पडद्यावर पछाडलेला बंगला. पहिला तास कुणी हललं नाही, दोघं-तिघं तर चक्क पेंगले. मग न्हाणीघरातला नळ आपोआप सुरू झाला आणि धो धो वाहायला लागला.

पेंगणारे जागे झाले. कुणीतरी 'अरे अरे' केलं. तळमजल्यावरच्या शहाभाभी तर उठून उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, कोई बंद तो करो!" मी मनात म्हटलं, सापडलं एकदाचं!

तेवढ्यात नळातलं पाणी लाल झालं आणि रक्त वाहायला लागलं. शहाभाभी हुश्श करून खाली बसल्या.

"खून छे? तो ठीक है. मेरे को लगा पानी जा रहा है."

* * *

जवळच्या पाली गावचा एक कोळी बाजाराच्या दिवशी मासळी विकून झाली की यायचा. अंतोन त्याचं नाव. उंचापुरा, कमी बोलणारा. त्याला मी समुद्री राक्षसाचा पिक्चर दिला. म्हटलं, रोज दर्यावर जाणारा माणूस, हा तरी घाबरेल.

आठवड्याने आला. कॅसेट काउंटरवर ठेवली. मी विचारलं, भीती वाटली का?

"लय वाटली," तो म्हणाला.

मला इतका आनंद झाला की मी त्याच्यासाठी चहा मागवला. कुठल्या जागी वाटली ते विचारलं. राक्षस बोट उलटवतो तिथे का?

"राक्षस ऱ्हाऊ द्या वो. त्या बोटीचा दोर कोनी बांधला? ती काय गाठ हाय? तो राक्षस न्हाय आला तरी समदी मरनारच व्हती."

चहा पिऊन तो गेला. त्यानंतर त्याने फक्त देवाधर्माच्या कॅसेट नेल्या.

* * *

पेडणेकरांचं नुकतंच लग्न झालं होतं. दर शुक्रवारी पेडणेकर एक भुताची कॅसेट न्यायचे आणि शनिवारी सकाळी ऑफिसला जाताना परत द्यायचे. रविवारी बायकोला घेऊन यायचे आणि तीच कॅसेट पुन्हा मागायचे.

दोन-तीनदा असं झाल्यावर मी विचारलं. आधी आढेवेढे घेतले, मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "मला फार भीती वाटते हो. शुक्रवारी मित्राकडे एकदा बघून ठेवतो, म्हणजे रविवारी हिच्यासमोर दचकत नाही. हिला वाटतं नवरा वाघ आहे." मी कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला.

पुढच्याच शनिवारी दुपारी मिसेस पेडणेकर एकट्या आल्या. नवऱ्याच्या बॅगेत पाहिलेली, सकाळी परत आलेली तीच कॅसेट त्यांना हवी होती, संध्याकाळच्या आत आणून देते म्हणाल्या. मी म्हटलं, ताई, उद्या तुम्ही दोघं हीच नेणार आहात ना?

"हो, म्हणूनच," त्या म्हणाल्या. "मला असल्या पिक्चरची अजिबात भीती वाटत नाही. पण त्यांना वाईट वाटतं ना! म्हणून कुठे ओरडायचं ते बघून ठेवते."

एक पिक्चर, तीन फेऱ्या. पेडणेकरांच्या संसाराला माझ्याकडून मनापासून आशीर्वाद होते.

* * *

सगळ्यात जास्त मागणी असलेली माझी कॅसेट मुळात एका टुकार पिक्चरची होती. एका गिऱ्हाइकाच्या व्हीसीआरचं हेड घाण झालं होतं. त्याला चित्र दिसलंच नाही, नुसत्या मुंग्या. नवरा-बायको तसेच बसून राहिले आणि दोन तास त्यांनी फक्त आवाज ऐकला. कुणीतरी जिना चढतंय, दार करकरतंय, बाई श्वास रोखून उभी आहे.

सकाळी तो माणूस डोळे तारवटून आला. म्हणाला, असला पिक्चर जन्मात बघितला नाही! मी म्हटलं, बघितलातच कुठे? पण त्याने अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं. लोक नंबर लावून ती कॅसेट न्यायला लागले. त्यांच्या व्हीसीआरवर चित्र स्वच्छ दिसलं. त्यात रबराचा मुखवटा घातलेला एक जाडा माणूस होता, आणि मुखवट्याची मानेमागे बांधलेली नाडी दिसत होती. सगळे चिडून परत आले.

शेवटी मी गिऱ्हाइकाला कॅसेट देतानाच सांगायला लागलो, टीव्हीवर चादर टाका. गंमत म्हणजे लोक टाकायचे! पण चादर टाकून किती दिवस दुकान चालणार? अठ्ठ्याण्णव उजाडेपर्यंत भुतांनाही गिऱ्हाईक राहिलं नाही. दिवसभरात चार माणसं यायची, त्यातली दोन गप्पा मारायला. मी खरोखर दमलो होतो.

* * *

एका सोमवारी मी रोजच्यासारखा डबा घेऊन नऊला निघालो, पण दुकानात गेलोच नाही. सर्टिफिकेटांची जुनी फाईल पिशवीत लपवून थेट फोर्टात गेलो, माझ्या जुन्या ऑफिसात. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं, सुनंदालाही नाही. माझ्याबरोबर लागलेला एक जण आता तिथे साहेब झाला होता. त्याने चहा पाजला, मुलाबाळांची चौकशी केली आणि जागा नाही म्हणून सांगितलं.

दुकानाशी परत पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. फाईल तशीच हातात होती, लपवायचं भानही राहिलं नव्हतं. बंद शटरसमोर दोन गिऱ्हाईकं उभी होती आणि त्यांच्या शेजारी, उन्हात, बाबा. हातात भाजीची पिशवी, रिकामी.

समोरचा टेलर धावत आला. हे माझे वडील आहेत हे त्याला माहीत नव्हतं. सांगायला लागला, की हे काका रोज दहा वाजता समोरच्या फुटपाथवरून जातात, गेली कित्येक वर्षं. तुमच्या दुकानाकडे एकदा बघतात आणि मागे वळतात. आज दहापासून इथेच उभे आहेत. स्टूल दिलं तर बसले नाहीत, पाणी दिलं ते तेवढं प्यायले. टेलरनेच त्यांना विचारलं होतं, कुठली कॅसेट पाहिजे?

"तर म्हणाले, मला काही नको. शटर वर गेलं की मी जातो."

भाजीबाजार स्टेशनजवळ आहे, आमच्या घरापासून दुकानाच्या बरोबर उलट दिशेला.

मी कुलूप काढलं आणि शटर वर केलं. गिऱ्हाईकं आत गेली. बाबा बाहेरच थांबले, माझ्या हातातल्या फाईलकडे बघत. तिच्यावर माझं नाव त्यांच्याच अक्षरात होतं.

"कुठे गेला होतास?"

"कॅसेट आणायला."

"काम झालं का?"

"नाही."

"बरं झालं," बाबा म्हणाले, आणि भाजी आणायला स्टेशनच्या दिशेने निघाले.